पाहुणे आले की तेलावरची चिनी कोळंबी वातड आणि पाणचट का होते?

घरच्या चौघांसाठी अर्धा किलो केली तर झकास होते. तीच कृती, तीच कढई. पण रविवारी आठ पाहुणे येणार म्हणून दीड किलो करायला घेतली की कोळंबी वातड, तळाशी पाणचट रस आणि रंग मरगळलेला. ही तक्रार माझ्याकडे वर्षानुवर्षं येते आहे. ज्यांच्याकडून येते त्यांनी बहुतेक वेळा आधी सॉसची बाटली बदलून पाहिलेली असते. दोष बाटलीत क्वचितच असतो. दहातल्या आठ घरी दुखणं पाण्याचं असतं. कोळंबीच्या अंगावरचं पाणी, तिच्या आतलं पाणी आणि आपण वरून ओतलेलं पाणी, अशी तीन पाणी एकाच कढईत भेटतात आणि घरच्या शेगडीला ती झेपत नाहीत.

पदार्थ कोणता ते आधी नीट ठरवू. चीनच्या पूर्व किनाऱ्यावर शानदोंग प्रांत आहे. तिथल्या स्वयंपाकात 'यो मन दा श्या' नावाची कोळंबी करतात. मोठी कोळंबी डोक्यासालीसकट तेलात परततात, डावाने डोकी दाबून त्यांतलं लाल तेल बाहेर काढतात. मग आलं, कांद्याची पात, साखर, मीठ, थोडी शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन) आणि थोडं पाणी घालून दोन-तीन मिनिटं झाकण ठेवतात. शेवटी मोठ्या आचेवर रस अंगाबरोबर आटवतात. यात कॉर्नफ्लोअर नाही, सिमला मिरची नाही. आपल्याकडच्या हॉटेलातल्या चिली प्रॉन्सची चव डोक्यात ठेवून हा पदार्थ केला तर सगळं बरोबर करूनही तो चुकल्यासारखा वाटेल. तिथली पारंपरिक कोळंबी बोहाय समुद्रातली. हिवाळा ती पीत समुद्रात काढते आणि वसंतात अंडी घालायला बोहायमध्ये येते, तेव्हा तिची डोकी भरलेली असतात. या पदार्थाचा सगळा जीव त्या डोक्यांत आहे.

पुढच्या सगळ्या तपासण्यांसाठी माझं माप असं आहे. डोक्यासकट अर्धा किलो मोठी कोळंबी (किलोला २० ते ३० नग), चार मोठे चमचे तेल, बोटाच्या दोन पेरांएवढं आलं, तीन-चार कांद्याच्या पाती, दीड मोठा चमचा साखर, पाऊण छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा वाइन, एक छोटा चमचा तांदळाचा व्हिनेगर आणि अर्धी वाटी, म्हणजे साधारण १०० मिली, कडकडीत गरम पाणी. सोया सॉस घालायचाच असेल तर लाइट, एक मोठा चमचा. मग मीठ पाव चमच्यावर आणा.

लक्षणं

आपली कोळंबी यांतल्या कुठल्या रांगेत बसते ते बघा. बरेचदा दोन-तीन लक्षणं एकत्र दिसतात, आणि ती एकत्र दिसणं हीच मोठी खूण असते.

- कोळंबी वातड, चावताना दातांना उसळी देते. सोबत तळाशी पाणी असेल तर तपासणी ३, ४, ५. पाणी नसेल तर १ आणि ६.
- रस पातळ, सालांवर बसत नाही, ताटलीत पसरतो: ३, ४, ५, ९.
- डोक्याजवळचं मांस पिठूळ किंवा लिबलिबीत, शेपटीकडचं ठीक: ११.
- साल मांसाला घट्ट चिकटलेली, पाहुणे हैराण: ६, आणि पाठीला चीर दिली होती का ते आठवा.
- लाल तेल सुटलंच नाही, रंग पिवळट किंवा तपकिरी: २, ७, ८.
- कडवट: ७.
- शिजल्यावरही काचेसारखी अर्धपारदर्शक, किंचित साबणासारखी चव: ९.
- अमोनियासारखा नाकात जाणारा वास: तपासणी नाही, थेट शेवटच्या भागात जा.

१. कृती कोळंबीचीच आहे ना?

याला पैसा लागत नाही, म्हणून पहिली. चीनमध्ये याच नावाचा आणखी एक प्रसिद्ध पदार्थ आहे, हूपेइ प्रांतातल्या च्यानच्यांग गावचा. त्यात आपली समुद्री कोळंबी नसतेच. गोड्या पाण्यातली जाड कवचाची, नांग्यांची क्रेफिश असते. ती तिखट मसाल्यात, पुष्कळ रसात, अनेकदा बिअर ओतून, पंधरा-वीस मिनिटं शिजवतात. तेवढी शिजवावीच लागते, कारण कवच जाड असतं आणि गोड्या पाण्यातल्या त्या प्राण्यात फुफ्फुसात जाणारे परजीवी असू शकतात. नाव एकच असल्यामुळे भाषांतरित कृतींमध्ये दोन्हींची सरमिसळ झालेली असते. तुमच्या कृतीत "झाकून १५ मिनिटं" किंवा "बिअरची एक बाटली" असं काही असेल तर तपासणी इथेच संपली. समुद्री कोळंबी पंधरा मिनिटं शिजवली तर ती वातड होणारच, त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही.

२. हळद, मीठ, लिंबू लावून ठेवली होती का?

आपल्याकडे मासळी घरात आली की हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. कालवणासाठी ते योग्यच आहे. इथे मात्र तीनही गोष्टी नडतात. मीठ लावून तासभर ठेवलं की कोळंबी पाणी सोडते आणि ते पाणी तव्यावर येतं. लिंबाच्या किंवा कोकमाच्या आंबटाने मांस आच लागायच्या आधीच घट्ट होऊ लागतं, म्हणून पुढे ते लवकर वातड होतं. हळद लाल तेलाला पिवळं करते. तेव्हा यातलं काहीही लावू नका. मीठ रसात जातं तेवढं पुरतं.

३. फडक्याची परीक्षा

धुतलेली कोळंबी चाळणीत निथळली म्हणजे कोरडी झाली असं नाही. पायांच्या जाळीत, डोक्याच्या कवचाखाली आणि पाठीच्या चिरेत पाणी अडकून राहतं. स्वच्छ सुती पंचावर कोळंबी पसरा, वरून दुसरा पंचा घालून तळहाताने हलके दाबा, मग प्रत्येक कोळंबी डोकं वर करून एकदा झटका. पंचा ओला झाला तर दुसरा घ्या. शेवटच्या पंचावर ओलसर ठसा उठेनासा झाला की थांबा. पुढचा अर्धा तास ती ताटात पसरून, न झाकता, फ्रिजमध्ये ठेवलीत तर उत्तमच.

एवढा आटापिटा कशासाठी? खोलीच्या तापमानाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. दीड किलो कोळंबीच्या अंगावर चार-पाच चमचे पाणी सहज राहतं. ते आटेपर्यंत कढईचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणजे कोळंबी परतली जात नाही, उकडली जाते, आणि ते पाणी आटायच्या आत तिचं आतलं पाणीही सुटायला लागतं. कान देऊन ऐका: तेलात पडल्यावर कोरडी चरचर ऐकू आली तर बरोबर. फसफस झाली आणि लगेच आवाज बसला, तर पाणी आहे.

४. एका वेळी कढईत किती?

पाहुण्यांच्या दिवशी बिघडतं ते बहुधा इथेच. अठ्ठावीस-तीस सेंटिमीटरच्या पसरट कढईत मोठ्या कोळंब्या दहा-बारा मावतात, एका थरात, एकमेकींना न चिकटता. दीड किलो म्हणजे चाळीसच्या आसपास नग. ते एकदम घातले की तीन थर होतात, खालचा थर भाजतो, मधला वाफेवर शिजतो आणि वरचा कच्चाच राहतो. वरचा शिजेस्तोवर खालचा वातड होऊन जातो.

हॉटेलातल्या भट्टीची आच घरच्या बर्नरच्या कितीतरी पट असते, त्यामुळे तिथला माणूस घाऊक परततो ते बघून आपण तसं करू नये. चार घाणे करा. प्रत्येक घाण्याआधी तेल पुन्हा तापू द्या: आल्याची एक चकती टाकल्यावर तिच्याभोवती लगेच बुडबुडे आले पाहिजेत. एका बाजूने मिनिटभर, दुसऱ्या बाजूने मिनिटभर, साल लाल झाली की बाहेर. आत ती अर्धीकच्चीच असायला हवी. चारही घाणे झाले की लगेच सगळ्या एकत्र करून झाकणाच्या टप्प्यात जा. अर्धीकच्ची कोळंबी ओट्यावर ठेवून गप्पा मारायला जाऊ नका.

५. पाण्याचं माप तिप्पट केलं का?

या चुकीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कोळंबी तिप्पट झाली म्हणून मीठ, साखर जवळपास तिप्पट करायची हे बरोबर. पाणी तिप्पट करायचं नाही. पाणी आटतं ते कढईच्या तोंडातून, आणि कढईचं तोंड काही तिप्पट झालेलं नाही. अर्धा किलोला अर्धी वाटी पाणी दोन मिनिटांत आटत असेल तर दीड वाटी आटायला सहा मिनिटं लागतील, आणि ती सहा मिनिटं कोळंबी आतच असेल. दीड किलोला एक वाटी, म्हणजे २०० मिलीच्या आसपास, भरपूर झालं. झाकणाखाली कोळंबी वाफेने शिजते. तिला रसात बुडवायची गरज नाही. पाणी मात्र कडकडीत गरमच हवं. गार पाणी ओतलं की पुन्हा उकळी येईपर्यंतची मिनिटं फुकट शिजवण्यात जातात.

तरीही रस पातळ राहिलाच तर कोळंबी झाऱ्याने ताटात काढा, रस एकटा मोठ्या आचेवर आटवा. बुडबुडे मोठे आणि संथ होऊ लागले, कालथ्याच्या कडेवर रसाचा थर टिकून राहू लागला, की कोळंबी परत घालून दोनदा उलटीपालटी करा आणि गॅस बंद. कॉर्नफ्लोअरची पेस्ट घालायचा मोह होतो. नको. साखर आणि तेल आटून जी चकाकी येते ती वेगळी. पिठाने रस गढूळ होतो आणि लाल तेल त्यात दडपलं जातं.

६. घड्याळ आणि हॉटपॉट

झाकणाखाली अडीच मिनिटं, झाकण काढून दीड-दोन मिनिटं. टायगर कोळंबीचं कवच जाड, तिला अर्धं मिनिट जास्त. व्हेनामी या शेतीतल्या कोळंबीचं कवच पातळ, तिला कमी. पण घड्याळापेक्षा पाठीच्या चिरेत बघा. कच्चं मांस करडं, काचेसारखं असतं. साधारण ६० अंशांच्या पुढे ते मोतिया पांढरं होत जातं, आणि ७० ओलांडलं की झपाट्याने आक्रसून आतला रस पिळून टाकतं. चिरेच्या सगळ्यात खोल जागी करडेपणा गेला, की झाली. त्या दोन तापमानांच्या मध्ये घरच्या कढईत मिनिटभरसुद्धा मिळत नाही. कोळंबी शेपूट डोक्याला टेकवून गोल वळली असेल तर ती पुढे गेलीच.

आता खरी गोष्ट. कढईत ती अगदी बरोबर झालेली असते, आणि मग पाहुणे पुलावर अडकले म्हणून आपण ती हॉटपॉटमध्ये भरतो. हॉटपॉटचं कामच उष्णता धरून ठेवणं. आतली कोळंबी शिजतच राहते, झाकणाला वाफ धरते, तिचे थेंब खाली पडून आटवलेला रस पुन्हा पातळ होतो. अर्ध्या तासाने उघडता तेव्हा समोर वातड कोळंबी आणि पाणी. कितीतरी घरांतली तक्रार नुसती हॉटपॉट बंद केल्यावर मिटली आहे. मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम करणंही याच जातीचं.

हा पदार्थ आधी करून ठेवायचा नाही. तयारी मात्र शंभर टक्के आधी करता येते: कोळंबी साफ, कोरडी, फ्रिजमध्ये, साखर, मीठ, वाइन, व्हिनेगर एका वाटीत कालवलेलं, आलं-पात चिरलेली, पाणी थर्मासमध्ये. पाहुणे आले, सरबत झालं, पानं घेतली की गॅस लावा. अर्धा किलोचं काम आठ-दहा मिनिटांचं, दीड किलोचं वीस-बावीस. मी तर ही कोळंबी पहिल्या वाढपात ठेवतच नाही. भात-भाजी सुरू झाली की मधूनच गरम आणून वाढते.

७. डोकी

आता हाताचं कौशल्य लागणाऱ्या गोष्टी. कात्रीने आधी नाकावरचा करवती काटा, मिशा आणि पाय कापा. डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या पुढच्या टोकाशी वाळूची छोटी पिशवी असते. तिथे तिरका काप देऊन कात्रीच्या टोकाने ती उचलून काढा. काप तेवढाच ठेवा. मागे गेलात तर डोक्यातला केशरी गर वाहून जाईल, आणि लाल तेल त्यातूनच यायचं आहे. मग पाठीवर दुसऱ्या वळीपासून शेपटीआधीच्या वळीपर्यंत साल चिरा आणि काळा धागा काढा. ही चीर दिली की साल सुटी होते, ताटात सोलणं सोपं जातं आणि रस आत जातो.

परतताना कोळंबी उलटली की डावाच्या पाठीने प्रत्येक डोकं हलकेच दाबा. डोकं फुटून सपाट व्हायला नको. नुसतं 'चुर्र' वाजलं आणि कडेने केशरी तेल सुटलं की पुरे. कोळंबीतलं अॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य कच्चेपणी प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून ती निळसर करडी दिसते. आच लागली की ते सुटतं आणि लाल होतं. ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. त्यामुळे कढईत आधीच पाणी असेल किंवा तेल दोनच चमचे असेल तर डोकी कितीही दाबा, रंग येणार नाही. तेलाच्या बाबतीत इथे हात आखडू नका. खाताना ते ताटलीतच राहतं.

कडवटपणा बहुधा तिसऱ्या-चौथ्या घाण्यात येतो. पहिल्या घाण्याचं आलं आणि पात तेलात तशीच राहून काळी पडलेली असते. आलं-पात शेवटच्या घाण्यानंतरच घाला, आणि मधल्या घाण्यांत तळाला लागलेले पायांचे तुकडे झाऱ्याने काढत जा. साखरही रसातच घाला, तापलेल्या कोरड्या तेलात नको.

८. बाटल्या

थोडक्यात. किराणा दुकानातला डार्क सोया सॉस कॅरॅमलच्या रंगाने काळा असतो. एक छोटा चमचाही लाल तेल झाकतो, म्हणून तो इथे नकोच. शाओशिंग वाइन मिळाली नाही तर ड्राय शेरी चालते. घरात दारू चालत नसेल तर ती सरळ वगळा, आलं थोडं वाढवा. पदार्थ अडत नाही. साधं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर असेल तर माप निम्मं करा.

९. पाकिटातली कोळंबी

इथून पुढे पैसे लागतात. गोठवलेली कोळंबी वाईट असते असं मुळीच नाही. डोक्यासकट चांगली गोठवलेली कोळंबी दुपारपर्यंत टोपलीत पडलेल्या 'ताज्या'पेक्षा बरी. पाकीट उलटून घटक वाचा. ४५०, ४५१, ४५२ यांपैकी आकडे दिसले तर त्यात फॉस्फेट आहे. फॉस्फेट लावलेलं मांस पाणी धरून ठेवतं आणि वजन वाढवतं. काचेसारखी दिसणारी, साबणासारखी लागणारी कोळंबी बहुधा यातलीच. २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट. ते डोकी काळी पडू नयेत म्हणून वापरतात. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, तेव्हा पाहुण्यांत कुणी तसं असेल तर हे पाकीट नको.

शंका असेल तर सोपी चाचणी: एक कोळंबी पुसून कोरड्या तापल्या तव्यावर एकटीच ठेवा. तिच्याभोवती नुसता ओलसर डाग उमटला तर ठीक. तळं साचलं, पांढरट फेस आला, तर तो आख्खा लॉट कालवणात वापरा. या पदार्थाला उपयोगाचा नाही. कितीही पुसा, ते पाणी आतून येत राहणार.

वितळवायची ती रात्रभर फ्रिजमध्ये, चाळणीत, खाली भांडं ठेवून. कोमट पाण्यात टाकलेली कोळंबी बाहेरून लिबलिबीत होते आणि आत बर्फ तसाच राहतो.

१०. शेगडी आणि कढई

ज्योत निळी आणि ठाम आहे का? टोकं पिवळी असतील, भांडी काळी पडत असतील, तर बर्नरच्या भोकांत उतू गेलेलं दूध, वरण अडकलंय. बर्नर गार झाल्यावर वरची टोपी काढून जुन्या टूथब्रशने घासा, भोकं पिनेने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. सिलिंडर संपत आला असेल तर मेजवानीच्या दिवशी नवा लावा. तुमच्या हातातलं काम इथपर्यंतच.

कढई खोल आणि निमुळत्या बुडाची असेल तर कोळंबी मध्यभागी ढीग करून बसते. पसरट लोखंडी कढई किंवा जाड बुडाचा खोलगट तवा घ्या, घट्ट बसणारं झाकण बघा. पातळ नॉनस्टिकमध्ये पहिला घाणा बरा होतो. दुसऱ्याच्या वेळी तिच्यात उष्णता उरलेली नसते.

११. कोळंबीच बदला

सगळं करूनही डोक्याजवळचं मांस पिठूळ होत असेल तर दोष तुमच्या घरी येण्याआधीचा आहे. कोळंबीच्या डोक्यात पचनाचे एन्झाइम असतात. ती मेल्यावर बर्फाशिवाय राहिली की ते डोक्यातून मागे मांसात उतरतात आणि मांस आतून विरघळवू लागतात. ते कुठल्याही शिजवण्याने परत घट्ट होत नाही.

विकत घेताना हात लावून बघा. डोकं धडाला घट्ट हवं. दोघांच्या सांध्यात काळपट पाणी नको. साल चकचकीत, चिकट नाही. डोकं काळं पडलेलं असेल तर ती सडलीच असं नाही, तो हवेने आलेला काळेपणा असतो, पण या पदार्थाला ती नकोच. "मावशी, डोकी काढू नका, पाठही मीच चिरते" असं सांगा, आणि बर्फाची पिशवी घरून न्या. मुंबईत ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे गेलात तर निवड मिळते. पाहुण्यांना बोलावताना महिनाही बघा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राची मोठी कोळंबी म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक साठवणीतलं. त्या दोन महिन्यांत शेतीची व्हेनामी घ्या. मूळची ती मेक्सिको ते पेरू या पॅसिफिक किनाऱ्याची. आपल्याकडे २००९ पासून तिच्या शेतीला परवानगी आहे. तळ्यातून काढून लगेच बर्फात गेलेली व्हेनामी या पदार्थाला छान चालते.

कधी थांबायचं, कुणाला बोलवायचं

अमोनियाचा वास आला की थांबा. आलं, लसूण, व्हिनेगर, कशानेही तो वास मारायचा प्रयत्न करू नका. वास गेला तरी धोका जात नाही. पाकीट किंवा पिशवी परत करा, पाहुण्यांना दुसरं काहीतरी वाढा.

बर्नर साफ करूनही ज्योत पिवळीच राहिली तर आतला जेट किंवा हवेची झडप आपण उघडायची नाही. गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा. सुरक्षा नळीला पाच वर्षं झाली असतील तर त्याच फेरीत बदलून घ्या. गॅसचा वास येत असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन.

आमंत्रण देतानाच विचारा की कुणाला कोळंबी, खेकडा सोसत नाही का. ज्या प्रथिनामुळे ही अॅलर्जी होते ते आचेने नष्ट होत नाही, त्यामुळे "चांगली शिजवलीय, खाऊन बघ" असा आग्रह कधीही करू नका. एकाच डावाने दोन पदार्थ ढवळू नका. जेवताना कुणाचे ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

आणि पाहुणे पंधराच्या वर असतील तर हा पदार्थ घरच्या शेगडीवर करू नका. डोक्यासकट कोळंबीतून निम्म्याच्या आसपासच मांस निघतं, म्हणजे माणशी दीड-दोनशे ग्रॅम धरली तरी सव्वादोन-तीन किलो होते. घाणेच इतके होतात की पहिला शेवटच्यापर्यंत टिकत नाही. त्या दिवशी भट्टी घेऊन येणारा केटरर ठरवा. त्याला दोनच प्रश्न विचारा: कोळंबी डोक्यासकट आणाल का, आणि पानं घेतल्यावर इथेच परताल का. दोन्हींना स्पष्ट 'हो' मिळालं नाही तर त्याच्याकडून कोळंबीचं कालवण करून घ्या.